अंतरा, रिझवान, भोला आणि आमचा मुन्ना

२००९ च्या उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दिवस होते. शाळा उघडायला अजून अवकाश होता म्हणून मी लकडगंजला आपाकडे राहायला गेले होते. रात्री दस्तरखान उचलला गेला आणि सगळे टीव्हीसमोर बसले. झी टीव्हीवर 'आपकी अंतरा' नावाची नवी मालिका सुरू झाली होती. पडद्यावरची लहान मुलगी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. हाक मारली तरी वळत नव्हती. आपाच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच दादीजान म्हणतो, तसबीह फिरवता फिरवता थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, ये तो अपना मुन्ना है!"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मुन्ना तेव्हा चार वर्षांचा होता. तो कोपऱ्यात बसून लाकडाचे गट्टू एका ओळीत लावत होता.

लकडगंज म्हणजे नावाप्रमाणे लाकडाचा बाजार. मुन्नाचे अब्बा एका आरा मशीनवर कामाला. तिथून आणलेले उरलेसुरले तुकडे हीच मुन्नाची खेळणी. ओळीतला एक गट्टू जरी कुणी हलवला तरी तो डोकं आपटून घ्यायचा. आरा सुरू झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरायचा. अम्मी, पानी, अब्बा यांपैकी एकही शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

या चार वर्षांत आपाने काय काय ऐकलं नव्हतं! ग्रहणात बाहेर पडली असशील. नजर लागली. मुलाशी बोलत नाहीस, तू आपली कामातच. मी बी.एड. झालेली, पण मलाही उत्तर देता येत नव्हतं. आमच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात 'अपवादात्मक बालके' असा एक घटक होता. प्रतिभावान, मतिमंद, अंध, मूकबधिर अशी यादी पाठ करून आम्ही मार्क मिळवले. ऑटिझम हा शब्द त्या यादीत वाचल्याचं मला आठवत नाही. तो शब्द आमच्या घरात एका मालिकेतून आला. टीव्हीला आपण कितीही नावं ठेवली तरी हे ऋण मला नाकारता येत नाही.

आईला दोष देण्याची रीत मात्र फक्त आमच्या मोहल्ल्याची नाही. ती मोठमोठ्या विद्वानांनीही चालवली. १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन म्हणून तो ओळखला जातो. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी अशाच काही मुलांबद्दल लिहिलं. पण त्यानंतरच्या दोन दशकांत एक विषारी कल्पना रुजली. आई थंड असते, माया करत नाही, म्हणून मूल स्वतःत मिटतं! अशा आयांना 'फ्रिजसारख्या आया' असं नाव पडलं. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी नेली. तिला धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९६४ मध्ये त्याने पुस्तक लिहून दाखवलं की हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. म्हणजे आपाला 'तू बोलत नाहीस म्हणून' असं ऐकवलं जात होतं, तेव्हा त्या बोलण्याला खोटं ठरवून चाळीसहून अधिक वर्षं लोटली होती. ते फक्त लकडगंजपर्यंत पोचलं नव्हतं.

मग आपल्याकडे अशी मुलं पूर्वी नव्हती का? होती. नागपुरात त्यांच्यासाठी वेगळे शब्द होते. 'अल्ला लोग', 'सीधा', 'मस्त', 'मजझूब'. ज्या शहरात हजरत बाबा ताजुद्दीन यांचा दर्गा आहे, तिथे हे शब्द हलके नाहीत. १८६१ मध्ये कामठीला जन्मलेले बाबा फौजेत होते. त्यांचं वागणं लोकांना समजेना, तेव्हा १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं गेलं. ते वेड्यांचं इस्पितळ इंग्रजांनी १८६४ मध्ये सुरू केलेलं. बाबा तिथे सुमारे सोळा वर्षं होते. लोक भिंतीबाहेर दर्शनाला जमत. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सन्मानाने बाहेर काढून शक्करदऱ्याला नेलं. १९२५ मध्ये बाबांचं निधन झालं.

माझा गैरसमज करून घेऊ नका. बाबांना कुठला आजार होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं अज्ञानही होईल आणि बेअदबीही. मला फक्त एवढंच दिसतं की सरकारी कागदाने ज्याला वेडा ठरवलं, त्याला याच शहराने, हिंदू आणि मुसलमान दोघांनी, डोक्यावर घेतलं. न समजणाऱ्या माणसापुढे अदबीने उभं राहण्याची ही आपली जुनी शिकवण आहे. आपाही मुन्नाला घेऊन कित्येक जुमेरातींना ताजबागला गेली. तिथे तिला कुणी टोमणा मारला नाही. पण या शिकवणीची एक कमतरताही आहे. 'अल्ला लोग' म्हटलं की प्रेम मिळतं, शाळा मिळत नाही. त्याला चमचा धरायला, शौचाला जायला, पाणी मागायला शिकवावं, असं कुणाच्या मनात येत नाही.

पडद्यावर आमच्या पिढीने असं माणूस पहिल्यांदा पाहिलं ते मराठीत. १९९१ चा 'चौकट राजा'. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि त्याला सांभाळणारी सुलभा देशपांडे यांची आई. लहानपणीच्या अपघाताने नंदूची बुद्धी वाढायची थांबलेली, म्हणजे तो ऑटिस्टिक नव्हे. पण मोठ्या झालेल्या मुलाची म्हातारी आई, 'माझ्यामागे याचं कोण' ही तिची काळजी आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी 'वेडा' हा शब्द, हे सगळं खरं होतं. आमच्या अम्मीला मराठी जेमतेम समजायचं. पण हा सिनेमा बघताना तिला कुणी भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

इंग्रजीत त्याआधी १९८८ मध्ये 'रेन मॅन' आला होता. त्यात ज्यांचा सल्ला घेतला होता त्यांच्यात तेच बर्नार्ड रिमलंड होते. त्या चित्रपटाने ऑटिझम हा शब्द जगभर पोचवला, पण सोबत एक चुकीची समजूतही पोचवली. ऑटिस्टिक माणूस म्हणजे आकड्यांचा जादूगार! प्रत्यक्षात अशी असामान्य देणगी थोड्याच जणांना असते. पुढे कथालेखकांना ही सवयच लागली. अमेरिकन मालिकेतला ऑटिस्टिक तरुण हुशार सर्जन असतो, २०२२ च्या गाजलेल्या कोरियन मालिकेतली वकील मुलगी कायदे तोंडपाठ म्हणते. या मालिका चांगल्या आहेत. पण आमच्या नातेवाइकांनी त्यातून एकच प्रश्न उचलला, "मुन्ने में क्या ख़ास है?" मुन्नाला गणित येत नाही, चित्र काढता येत नाही, कुराण पाठ होत नाही. कुणी असं विचारलं की आपा कानकोंडी होते, जणू काही खास नसणं हा तिच्या मुलाचा दुसरा गुन्हा.

आता 'आपकी अंतरा'कडे परत येते. आदित्यच्या आधीच्या नात्यातली ही मुलगी, आई गेल्यावर त्याच्या संसारात येते. त्याची बायको विद्या तिला समजून घेते. झैना वस्तानी या बालकलाकाराने अंतराचं काम फार जपून केलं होतं. मालिका वर्षभरही चालली नाही. पण तिने एक मोठं काम केलं. मूल वाईट वळणाचं नाही, आई दोषी नाही, त्याचा मेंदूच जग वेगळ्या रीतीने घेतो, हे तिने रोज रात्री घरच्या भाषेत सांगितलं. दादीजानने त्यानंतर 'नजर' हा शब्द काढला नाही. मुन्नाला डॉक्टरांकडे न्यायला भाईजान तयार झाले तेही दादीजानच्याच हट्टाने. एका मालिकेकडून याहून जास्त काय मागावं?

तरी सांगते, मालिकेतलं घर आमचं नव्हतं. तिथे विद्येला समजूतदारपणा दाखवायला वेळ होता. आपाला पाणी भरायचं असे, स्वयंपाक असे, आणखी दोन मुलं होती. थेरपीला जायचं तर भाईजानची रोजी बुडे. मालिका आईला देवी करते, आणि देवी एकदा केली की तिला मदत करायची गरज कुणाला वाटत नाही. आणखी एक गोष्ट. आम्हाला एकाने सल्ला दिला की घरात एकच भाषा बोला, नाहीतर मूल गोंधळेल. मग दादीजान नातवाशी बोलायच्याच थांबल्या, कारण त्यांना उर्दूशिवाय काही येत नव्हतं. पुढे माझ्या वाचनात आलं की दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांची भाषा मागे पडते याला अभ्यासांचा आधार नाही. मी हे दादीजानना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दो साल मेरे गए ना, बेटा."

फेब्रुवारी २०१० मध्ये 'माय नेम इज खान' आला आणि लवकरच टीव्हीवरही वारंवार लागू लागला. आमच्यासाठी तो दुहेरी महत्त्वाचा. नायक मुसलमान, आणि त्याला अॅस्पर्गर सिंड्रोम. त्यावर बोलताना सगळे विमानतळावरच्या झडतीबद्दल बोलतात. मला मात्र बोरिवलीतलं ते घर आठवतं. झरीना वहाबची अम्मी रिझवानसाठी जीव टाकते आणि धाकटा झाकीर बाजूला उभा राहून बघत असतो. अम्मीचा सगळा वेळ भावाचा, त्याच्या वाट्याला उरलेला. तो परदेशी निघून जातो ते केवळ शिक्षणासाठी नव्हे. ऑटिझम असलेल्या घरातल्या दुसऱ्या मुलाचं दुःख इतक्या थोडक्यात मी क्वचितच पाहिलं आहे. आमच्या मुन्नाच्या बहिणीने हा सिनेमा पाहून मला विचारलं होतं, "ख़ाला, ज़ाकिर बुरा था क्या?" ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी म्हटलं, "नाही बेटा, तो थकला होता." ती रडली. त्या दिवसापासून मी दर रविवारी तिला माझ्याकडे आणू लागले.

मग आली पाकिस्तानी नाटकं. २०१४ मध्ये झिंदगी वाहिनी सुरू झाली तेव्हा मोमिनपुरा काय आणि लकडगंज काय, संध्याकाळी सगळीकडे तीच. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीनंतर ती बंद झाली, पण सवय यूट्यूबवर चालू राहिली. २०१८-१९ मध्ये 'रांझा रांझा करदी' आली. इम्रान अश्रफचा भोला हा मंदबुद्धी, 'सीधा' तरुण. अभिनय असा की बायका त्याच्यासाठी दुआ मागत. इक्रा अझीझची नूरी ही कचरा वेचणाऱ्या वस्तीतली मुलगी. तिचं लग्न भोलाशी होतं आणि तिच्या सोबतीत तो बदलत जातो.

मालिका मलाही आवडली होती. पण आज मुन्ना विशीत आहे, आणि गेल्या वर्षी घरातल्या एका बुजुर्गांनी विषय काढला. "निकाह करा दो. भोला ठीक हुआ कि नहीं?" मुलगीही त्यांच्या नजरेत होती. बिनबापाची, गरिबाची. हुंड्याचा प्रश्न नाही, उलट आपणच खर्च करू, सवाबही मिळेल.

मी वर्गात अशाच मुलींना शिकवते. दहावीत पहिल्या येणाऱ्या, पायात एकच चप्पल जोडी वर्षभर घालणाऱ्या. मला त्या मुलीचा चेहरा न बघताच दिसला. तिला कोण विचारणार? आणि मुन्नाला तरी कोण विचारणार? 'कुबूल है' हे शब्द तो पाठ करून म्हणेल, पण त्याचा अर्थ? लग्न हे औषध नाही. ज्या ऑटिस्टिक माणसाला लग्न समजतं आणि हवं आहे, त्याचा तो हक्कच आहे. पण सासूच्या म्हातारपणानंतरची फुकटची परिचारिका म्हणून गरिबाची लेक आणणं हा जुल्म आहे. मालिकेत नूरीला शेवटी प्रेम मिळालं, कारण ते लेखिकेच्या हातात होतं. त्या दिवशी मी हे सगळं बोलले. बुजुर्ग रागावून उठून गेले, आजही माझा सलाम घेत नाहीत. आपा मात्र म्हणाली, "मैं भी यही कहना चाहती थी."

'माझ्यामागे याचं कोण' हा नंदूच्या आईचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मालिकांत नाही, थोडंफार कायद्यात आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून अठरा वर्षांवरील मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो आणि 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांपैकी एक. ४० टक्के किंवा अधिक प्रमाण असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी निवडाल तिथे. आपल्या वस्तीत किती घरांनी हे दाखले काढले आहेत? लपवून ठेवलेल्या मुलाचा दाखला कोण काढणार?

कॅनरच्या त्या अकरा मुलांतला पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तो मोठा झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. त्याचं घर पैसेवालं होतं, हे विसरू नये. पण त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी गावालाही श्रेय दिलं आहे. गावाने त्याला आपला मानलं.

मुन्ना आता ओळखीच्या एका लाकडाच्या दुकानात रोज दोन तास बसतो. पट्ट्या लांबीप्रमाणे रचून ठेवतो. आरा सुरू झाला की मालक आधी त्याच्या खांद्याला हात लावतात, तो कानांवर हात ठेवतो, आणि दोघं थांबतात. त्याला चाळीसेक शब्द येतात. त्यात 'दादी' आहे, पण तो आला तेव्हा ऐकायला दादीजान नव्हत्या. यावर कुणी मालिका काढणार नाही. काढली तर मी रोज बघेन.