शेरवानी, शालू आणि स्टीलचं पिंप

गेल्या शनिवारी मी माझी लग्नातली शेरवानी विकली. एकदाच घातलेली. त्यानंतर तिचं आणि माझ्या पोटाचं कधी जमलंच नाही :) फोटो काढून एका साईटवर टाकला, किंमत लिहिली ३००० रुपये. दहा मिनिटांत पहिला मेसेज, "लास्ट प्राईस?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुसऱ्याचा, "८०० देतो, आत्ता येतो." मी २५०० वर आलो, तिसरा १२०० वर अडला, आणि तासाभराने १५०० वर सौदा पटला.

हे सगळं चालू असताना मला सारखी नगरची बोहारीण आठवत होती.

(नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून अहिल्यानगर, पण सवय जात नाही.) तर बोहारीण. दुपारी पुरुषमाणसं घराबाहेर गेली की ती यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला जुन्या कपड्यांचं गाठोडं. पैशांची बातच नाही, कपडे द्या आणि भांडं घ्या. मुंबईतल्या बोहारणी बहुतेक गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो.

घासाघीस कशी चाले ते बघण्यासारखं असे. ती प्रत्येक कपडा उजेडात धरून भोकं बघणार, दोन्ही हातांनी ताणून जीर्ण झालाय का ते बघणार, निम्मे कपडे नाक मुरडून बाजूला टाकणार. मग पाटीतून सगळ्यात लहान वाटी काढणार. आई म्हणणार, "एवढ्या कपड्यांना एवढीशी वाटी? ते पातेलं दे." ती पाटी उचलून कोपऱ्यापर्यंत जाणार. शेजारच्या काकू तिला हाक मारून परत आणणार. शेवटी पातेलं, आणि आणखी एक साडी. आणि आई म्हणणार, "वरून एक चमचा तरी दे!"

आता यातली गंमत बघा. नगर शहर १४९० च्या सुमाराचं, निजामशाहीने वसवलेलं. इंग्रजांच्या गॅझेटियरात इथले मुख्य धंदे म्हणून दोन गोष्टी येतात: साड्या विणणं, आणि तांब्यापितळेची भांडी घडवणं. पद्मशाली, साळी, कोष्टी मागावर बसत, तांबट ठोकत. म्हणजे बोहारणीच्या सौद्यातल्या दोन्ही बाजू याच गावात तयार होत होत्या! पुढे हातमाग मागे पडले, पद्मशाली घरांतल्या कितीतरी बायका विड्या वळू लागल्या. स्टेनलेस स्टील आलं आणि तांब्यापितळेची भांडीच मोडीत निघाली. सौदा मात्र तसाच राहिला.

एव्हाना नव्या कपड्यांवर छापील किंमत आली होती. पॅरिसच्या बाँ मार्शे दुकानात १८५२ नंतर बुसिको या गृहस्थाने 'एकच भाव' रूढ केला आणि ती पद्धत जगभर गेली. पण जुन्या कपड्याला एकच भाव लावणार कसा? एकाच ठाणातले दोन शर्ट दोन माणसांनी पाच वर्षं वापरले की ते दोन वेगळे शर्ट होतात. म्हणून जुन्या कपड्याची किंमत बोलूनच ठरते, दारात काय आणि फोनवर काय.

अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफचा १९७० चा एक प्रसिद्ध निबंध आहे, जुन्या गाड्यांच्या बाजारावर. (२००१ चं नोबेल त्यालाही मिळालं.) विकणाऱ्याला गाडीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून बाजार बिघडतो. बोहारणीच्या सौद्यात हे बरोब्बर उलटं आहे. माहिती घेणारीला असते! खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळून तिला दिलेलं सोन्याचं पाणी. साडी फाटली तरी जर जाळली की चांदी हातात येते. म्हणून बोहारीण पहिला प्रश्न विचारायची, "जरीची आहे का काही?"

आमच्या घरी होता. आजीच्या लग्नातला शालू, घड्यांवर विरलेला. १९९२ सालची गोष्ट, मी चौथीत. नळाला पाणी दिवसाआड, आणि घरात धड पिंप नाही. आजी गावाला गेली होती. दोन तास भांडून आईनं शालू दिला, स्टीलचं पिंप घेतलं, वरून गाळणी.

आजी परत आली. पिंप बघितलं, कोनाडा उघडून बघितला. म्हणाली, "वरून काय घेतलंस?"

"गाळणी."

"एक पळी तरी मागायचीस." त्यानंतर आठ दिवस ती आईशी बोलली नाही.

बोहारणीनं फसवलं का? आज मला तसं वाटत नाही. उन्हातान्हात ती पायपीट, भांड्यांत अडकलेले पैसे, घरी नेऊन धुणं, शिवणं, बाजारात बसणं, हे सगळं तिच्या पदरचं. चांदी तिला दिसत होती, पिंपाची गरज आईला दिसत होती. दोघी आपापल्या जागी खऱ्या होत्या. आजीला जे दिसत होतं त्याला मात्र पाटीतलं कुठलंच भांडं पुरलं नसतं, आणि ती सौद्याला हजरही नव्हती.

नवव्या दिवशी आई पिंप घेऊन भांड्यांच्या दुकानात गेली आणि त्यावर आजीचं नाव घालून आणलं. ते पिंप आता पुण्यात माझ्याकडे आहे. तांदूळ ठेवतो.

तर शेरवानी. मुलगा संध्याकाळी आला, भावाच्या लग्नाला हवी होती म्हणाला. पार्किंगमध्येच अंगावर धरून बघितली, १५०० मोजून दिले. मग जरा घुटमळला. "सर, मोजडी पण द्या ना वरून."

दिली. असो.