दोन गाड्या, एक वेग : मोटारीच्या इतिहासलेखनातील एक प्रश्न

मोटारगाडीच्या इतिहासाची मांडणी बहुधा वेगाच्या चढत्या आकड्यांनी केली जाते. हे माप कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार प्रस्तुत टिपणात एकाच जर्मन कारखान्याच्या दोन गाड्यांच्या आधारे कर्तव्य आहे. पहिली, १९६८ ची मर्सिडीज-बेंझ ३०० एसईएल ६.३, ही स्पोर्ट्स सेडान म्हणून ख्याती पावली. दुसरी, २०२१ ची ईक्यूएस ४५०+, ही विजेवर चालणारी आलिशान सेडान होय.

पहिलीचा जन्म अधिकृत योजनेतून झाला नाही. एरिख वाक्सेनबर्गर या अभियंत्याने स्वयंप्रेरणेने, राष्ट्रप्रमुखांच्या वापरातील अवाढव्य ‘६००’ गाडीचे ६.३ लिटरांचे इंजिन त्याहून लहान गाडीत बसवून पाहिले. मार्च १९६८ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली आणि १९७२ पर्यंत अशा ६,५२६ गाड्या तयार झाल्या. बाह्यतः घरंदाज दिसणारी ही गाडी २५० अश्वशक्तीच्या बळावर ६.५ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठी. तिचा कमाल वेग ताशी २२० किलोमीटर होता. १९७१ साली एएमजी या संस्थेने इंजिन वाढवून तिला बेल्जममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरविले, तेव्हा तिने दुसरा क्रमांक मिळविला.

ईक्यूएस ४५०+ ची शक्ती ३३३ अश्वशक्ती आहे. तथापि तोच वेग गाठावयास तिला ६.२ सेकंद लागतात व तिचा कमाल वेग ताशी २१० किलोमीटर आहे. याच मालिकेतील ५८० ही गाडी, जिची जुळणी २०२२ मध्ये पुण्याजवळ चाकण येथे सुरू झाली, बरीच अधिक वेगवान आहे हे खरे. परंतु अधिक वेग शक्य असूनही मालिकेतील एका गाडीस तो आवश्यक वाटला नाही, हेच येथे लक्षणीय आहे.

मग वाढलेली शक्ती गेली कोठे? जुनी गाडी सुमारे पावणेदोन टनांची, नवी सुमारे अडीच टनांची. या भारात १०७.८ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे, तशीच सुरक्षिततेची आणि शांततेची साधनेही आहेत. चाके जखडू न देणारे इलेक्ट्रॉनिक ब्रेक या कारखान्याने १९७८ मध्ये आणले; एअरबॅग त्यानंतर आली. १९६८ च्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते. तेव्हा तिच्या वेगाची किंमत काही अंशी प्रवाशांच्या जिवावर पडत होती, असे म्हणणे प्राप्त आहे.

उलटपक्षी, एका अभियंत्याने एका गाडीचे इंजिन दुसरीत बसवावे व त्यातून नवा प्रकार जन्मास यावा, हे नव्या गाडीत दुष्कर झाले आहे. कारण तिची मोटर, ब्रेक व सुकाणू संगणकीय आज्ञावलीने परस्परांशी बांधलेली आहेत. हा लाभ आणि ही हानी, दोन्ही वेगाच्या तक्त्यात दिसत नाहीत. म्हणून तंत्राच्या अभ्यासकाने आकडा नोंदविताना त्या काळाने यंत्राकडून नेमके काय मागितले होते, हे प्रथम तपासणे इष्ट होय.