दार लावून बोलता येईल का?

ऑनलाइन समुपदेशन कोरोनाने आणलं, असं माझ्याकडे शिकायला येणारी मुलं ठामपणे सांगतात. मी त्यांना 1934 सालच्या मुंबईच्या कोर्टात नेते. आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे, वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आरोप काय, तर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं अश्लील आहेत. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र 1927 पासून 1953 मध्ये कर्वे जाईपर्यंत निघत राहिलं. घरच्या डॉक्टरपुढे जे तोंडातून फुटत नसे, ते लोक पोस्टाने एका अनोळखी माणसाला विचारत. कर्वे गणिताचे प्राध्यापक, मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. पण सल्ला देणारा लांबचा असला की बोलणं सोपं जातं, हे मुंबईला तेव्हाच कळलं होतं.

उपचाराची एक पद्धतही इथे पत्रांतूनच रुजली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी अनेक दशकं पत्रव्यवहार केला आणि त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली. प्रसंगाने माणूस जितका खचतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलच्या हट्टी समजुतींनी खचतो, हे तिचं सार. "सासूने माझं कौतुक केलंच पाहिजे" यातला 'च' शोधायला मी आजही याच पद्धतीने शिकवते.

समोरासमोर जायचं म्हटलं तर भीती आडवी यायची. मी मुलुंड पूर्वेची. पुढचं स्टेशन ठाणे आणि तिथे 1901 पासूनचं मनोरुग्णालय. आमच्या चाळीत कुणी जरा वेगळं वागलं, की "याला ठाण्याला पोचवा" हा ठरलेला विनोद. त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. मन सगळ्यांनाच असतं, तेव्हा त्याची काळजीही सगळ्यांनीच घ्यायची, हा विचार त्यांनी व्याख्यानांतून, लेखांतून घरोघरी नेला. तिथल्या 'मैत्र' हेल्पलाइनने फोनचा रस्ताही उघडला.

नव्वदच्या दशकात मीही एका हेल्पलाइनवर बसायचे. तेव्हा घरातला फोन हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. बोलता बोलता बाईचा आवाज एकदम बदलायचा, "हो, येताना कोथिंबीर आणते". मी ओळखायचे, कुणीतरी आत आलं. काही जणी पीसीओच्या काचेच्या खोपटातून बोलायच्या. दार लागायचं, पण बाहेर रांगेतला माणूस नाणं वाजवत उभा असायचा. पुढे 2012 मध्ये देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 'आयकॉल' सुरू केलं. फोनबरोबर ईमेलनेही बोलता येऊ लागलं. ज्यांना घरात आवाज काढता येत नाही त्यांना हा मोठाच आधार.

टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती डॉक्टरांसाठी होती; आम्ही समुपदेशक त्यांच्या मागोमाग पडद्यावर गेलो. बोरिवलीहून दादरला जाणंयेणं, रिक्षा, ऑफिसची अर्धी रजा, सगळं वाचलं. मात्र सोयीबरोबर गर्दीही झाली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांना कायद्याच्या कक्षेत आणायला 2021 साल उजाडलं. तोवर पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. म्हणून सांगते, शिक्षण कुठे झालं आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे पहिल्याच भेटीत विचारा. चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही. आणि पैशांची अडचण असेल तर ऑक्टोबर 2022 पासून सरकारची मोफत 'टेली-मानस' आहे, क्रमांक 14416.

माझा पहिला प्रश्न मात्र हेल्पलाइनच्या दिवसांतलाच आहे : दार लावून बोलता येईल का? झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या जुन्या, 225 चौरस फुटांच्या घरात नवऱ्याबद्दल बोलायचं, तर तो पडद्यापलीकडेच असतो. मग घाटकोपरची कुणी गच्चीवर टाकीमागे बसते, अंधेरीचा कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून. कर्व्यांना लिहिणाऱ्याला निदान पाकीट चिकटवता येत होतं.

याच उपनगरांनी एकदा अशीच अडचण सोडवली आहे. घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून मंडळांनी, नगरसेवकांनी, महापालिकेने अभ्यासिका काढल्या. दहावीच्या मुलाला शांत टेबल लागतं हे कुणाला पटवावं लागलं नाही. त्याच अभ्यासिकेत एक छोटी खोली हवी : आतून कडी, एक खुर्ची, वायफाय, तासाची नोंद नावाशिवाय. वॉर्ड ऑफिसच्या खर्चात हे बसतं. आमच्याकडची मंडळं गणपतीचा मंडप रातोरात उभा करतात. एका दाराचं काम त्यांना जड नाही.