एकाच नावाची दोन खाती



गेल्या वर्षी भाद्रपद शुद्ध द्वितीयेला आमच्या मंदिरात आचार्य शांतिसागर महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. महिला मंडळाच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस आधीपासून मी घरातली पुस्तकं आणि जुन्या स्मरणिका काढून बसले. एका हिंदी पुस्तिकेत मला छान माहिती मिळाली. घरात कुणी गेलं की बायकांनी छाती बडवून आक्रोश करायचा, ही चाल बंद करा, हुंडा बंद करा, देवापुढचे बळी बंद करा, असं महाराजांनी गावोगाव सांगितलं. बायकांच्या सभेत सांगायला याहून चांगलं काय? मी ते अगदी रंगवून सांगितलं.

कार्यक्रम संपल्यावर मूळच्या सागवाड्याच्या एक काकू माझ्याजवळ आल्या. लग्न होऊन इकडे आल्याला त्यांना पन्नास वर्षं झाली. मराठी आपल्यासारखंच बोलतात. म्हणाल्या, "ताई, छान बोललात. पण ते छाती बडवायचं सांगितलंत ना, ते महाराज तुमचे भोजचे नव्हेत. ते आमचे छाणीचे शांतिसागर. त्यांची दीक्षा आमच्या सागवाड्यात, समाधीही तिथलीच."

मी विचारलं, "म्हणजे दोन आहेत?"

त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, पण इतकी वर्षं हेच ऐकत आल्याचं दिसत होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन मी पुन्हा सगळी पुस्तकं काढली, आणि या वेळी शेजारी तारखा लिहीत गेले. आज तेच तुम्हाला सांगते.

पहिले आपल्या ओळखीचे, चारित्रचक्रवर्ती शांतिसागर महाराज. घराणं बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचं, पाटलांचं. जन्म १८७२ साली येळगूळला, म्हणजे आजोळी. पूर्वाश्रमीचं नाव सातगौडा. १९२० साली यरनाळला मुनिदीक्षा झाली आणि १९२४ साली आपल्या सांगलीजवळच्या समडोळीला आचार्यपद मिळालं. पुढे मोठा संघ घेऊन ते दक्षिणेतून सम्मेदशिखरजीपर्यंत पायी गेले आणि उत्तरेत बरीच वर्षं विहार केला. धवल, जयधवल, महाधवल हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्याची प्रेरणा त्यांचीच. ते ताम्रपट फलटणला आहेत. १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, देह ठेवला. त्यांचा शेवटचा उपदेश मराठीत आहे आणि तो ध्वनिमुद्रित झालेला आहे. आपल्यापैकी कित्येकींनी तो ऐकलाही असेल.

दुसरे छाणीचे शांतिसागर महाराज. छाणी हे राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातलं गाव. जन्म १८८८ सालचा, नाव केवलदास. १९२२ साली बांसवाड्याजवळच्या गढी गावात ते क्षुल्लक झाले. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, सागवाड्याला भगवान आदिनाथांच्या प्रतिमेसमोर त्यांनी मुनिदीक्षा घेतली. १९२६ साली शिखरजीजवळच्या गिरिडीहला ते आचार्य झाले. १९४४ साली सागवाड्यातच त्यांची समाधी झाली. छाती बडवण्याच्या चालीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध आणि बळीविरुद्ध सांगत फिरले ते हेच.

म्हणजे बघा, दोघेही दिगंबर आचार्य, एकाच काळातले. त्या काळात उत्तरेत दिगंबर मुनींचं दर्शन दुर्मीळ झालं होतं, आणि ती परंपरा पुन्हा उभी करणाऱ्यांत दोघांचंही नाव आहे. दीक्षा तीन वर्षांच्या अंतराने, आचार्यपद दोन वर्षांच्या अंतराने. गोंधळ होणार नाही तर काय! आणि गंमत म्हणजे १९३३ साली राजस्थानात ब्यावर इथे दोघांचा चातुर्मास एकत्र झाला. एका गावात, एकाच वेळी, एकाच नावाचे दोन आचार्य. एक साठी ओलांडलेले, घरी कानडी बोलणाऱ्या पाटलांच्या घरातले. दुसरे पंचेचाळीसचे, मेवाड-वागडच्या मातीतले. त्या चार महिन्यांत दर्शनाला जाणाऱ्या बायका घरी येऊन काय सांगत असतील? "शांतिसागर महाराजांचं दर्शन झालं" एवढंच म्हटलं, तर ऐकणारी नक्कीच विचारत असेल, "कोणत्या?"

तेव्हा विचारत होते म्हणून तेव्हा घोटाळा नव्हता. आता आपण विचारत नाही म्हणून होतो.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. भोजच्या शांतिसागर महाराजांच्या परंपरेत वीरसागर, शिवसागर आणि मग ज्ञानसागर महाराज झाले. हे ज्ञानसागर म्हणजे राजस्थानातल्या राणोलीचे पंडित भूरामल. 'जयोदय' आणि 'वीरोदय' ही संस्कृत महाकाव्यं त्यांची. १९७२ साली त्यांनी आपलं आचार्यपद आपल्याच शिष्याला, सदलग्याच्या विद्यासागर महाराजांना दिलं आणि १९७३ साली नसीराबादला त्यांची समाधी झाली. आता छाणीची परंपरा बघा. सूर्यसागर, विजयसागर, विमलसागर, सुमतिसागर आणि मग पुन्हा ज्ञानसागर! हे ज्ञानसागर १९५७ साली मोरेन्याला जन्मले आणि २०२० साली त्यांची समाधी झाली. बंगाल-झारखंडकडच्या सराक समाजाला पुन्हा जैन परंपरेशी जोडण्याचं काम त्यांनी केलं. "शांतिसागर महाराजांच्या परंपरेतले ज्ञानसागर महाराज" हे वाक्य दोघांनाही लागू पडतं, आणि माणसं मात्र अगदी वेगळी.

मी वाणिज्य शाखेची. वडिलांच्या आडत दुकानात सुट्टीत खतावणी लिहायला बसायचे. तिथे एकाच नावाची दोन-दोन, तीन-तीन कुळं असायची. वडिलांचा नियम होता, नाव सारखं असेल तर पुढे गाव लिहायचं, गावही सारखं असेल तर बापाचं नाव. एकदा मी एकाची जमा रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर टाकली. महिनाअखेरीला तेरीज काढली तर ती पै-पैशाला जुळली! जुळणारच, कारण रक्कम जमेलाच होती, फक्त खातं चुकलं होतं. पुढे कॉलेजात हेच इंग्रजी नावाने शिकवलं. खातं चुकलं तरी ट्रायल बॅलन्स जुळतो, म्हणून ही चूक सर्वांत उशिरा सापडते. ज्याची रक्कम गेली तो माणूस दारात येऊन उभा राहतो, तेव्हाच ती कळते.

माझ्या भाषणात नेमकं हेच झालं होतं. छाणीच्या महाराजांचं काम मी भोजच्या महाराजांच्या खात्यावर टाकलं. सभेत कुणाला काही खटकलं नाही. श्रद्धेची एकूण बेरीज बरोबर होती, 'शांतिसागर महाराज की जय' दोघांनाही पोचतच होतं. पण सागवाड्याच्या काकूंच्या गावाचं खातं मी रिकामं केलं होतं, म्हणून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग ही नावं पुन्हा पुन्हा का ठेवतात, असं कुणी विचारेल. दीक्षेत नाव बदलतं ते जुना माणूस संपावा म्हणून. सातगौडाही गेले, केवलदासही गेले. आणि नवं नाव पुष्कळदा पूर्वजांची आठवण म्हणून येतं. कुंथलगिरी ही कुलभूषण-देशभूषण मुनींची सिद्धभूमी. तिथे १९३६ साली कोथळीच्या बाळगौडांना मुनिदीक्षा मिळाली आणि ते देशभूषण महाराज झाले. करमाळ्यात जन्मलेल्या देवचंदजींनी १९१८ साली कारंज्याला आणि १९३४ साली बाहुबलीला गुरुकुल सुरू केलं. पुढे मुनी झाल्यावर ते समंतभद्र महाराज म्हणून ओळखले गेले. रत्नकरंड श्रावकाचार लिहिणाऱ्या आचार्य समंतभद्रांचं ते नाव. यात कुणाची गल्लत होत नाही, कारण मधे दीड हजाराहून अधिक वर्षं आहेत. नावातून आठवण राहते आणि माणूसही वेगळा राहतो.

पण जिथे गाव-काळ कुणी लिहून ठेवला नाही, तिथे मोठमोठे पंडित अडकून पडलेत. भद्रबाहू स्वामींचंच घ्या. श्रुतकेवली भद्रबाहू, ज्यांचं नाव श्रवणबेळगोळशी जोडलेलं आहे, ते एक. आपल्या पट्टावल्यांमध्ये त्यांच्यानंतर शेकडो वर्षांनी दुसरे भद्रबाहू येतात. श्वेतांबर परंपरेतल्या निर्युक्ती भद्रबाहूंच्या नावावर आहेत, पण त्या नंतरच्या काळातल्या भद्रबाहूंच्या असाव्यात असं अनेक अभ्यासक मानतात. कोणती गोष्ट कोणत्या भद्रबाहूंची, हा वाद अजून चालू आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल आपण हात जोडू शकतो. पण शांतिसागर महाराज तर आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांनी पाहिलेले! त्यांच्याबाबतीत घोटाळा झाला तर दोष काळाचा नाही, आपला.

समाजाने तशी सोय केलेलीही आहे. एकांना 'दक्षिण' म्हणतात, दुसऱ्यांना 'छाणी'. त्याच काळातले तिसरे मोठे आचार्य आदिसागर, त्यांनाही आपण 'अंकलीकर' म्हणतो. ज्यांनी घर सोडलं, गाव सोडलं, त्यांच्या नावापुढे आपण गाव परत लावलं. मुनींना त्याची गरज नाही, आपल्याला आहे. फक्त बोलताना, फलक रंगवताना आणि आता मोबाइलवर फोटो पुढे पाठवताना तो एक शब्द आपण गाळतो. पाहिलंय ना, एकाच्या फोटोखाली दुसऱ्याची माहिती कशी येते ते?

हे सगळं लिहिताना आणखी एक गोष्ट मनात येत राहिली, ती सांगते आणि थांबते. माझं माहेरचं नाव विमल. सासूबाईंचंही विमलच. एका घरात दोन विमल कशा चालतील, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नाव लिहिलं गेलं सुनीता. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. माझ्या बी. कॉम.च्या सर्टिफिकेटवर एक बाई आहे आणि रेशन कार्डावर दुसरी. मुनी नाव सोडतात ते स्वतःहून, समजून-उमजून. आपलं नाव खात्यांची गल्लत होऊ नये म्हणून दुसऱ्यांनीच बदललं. आणि त्यांच्या नावापुढे समाजाने गाव तरी लावलं. आपल्या नावापुढून माहेरचं गावही गेलं.

क्षमावाणीच्या दिवशी मी सागवाड्याच्या काकूंच्या घरी गेले, क्षमा मागितली. त्यांनी मला आत नेलं आणि भिंतीवरचा छाणीच्या महाराजांचा फोटो दाखवला. मी नीट बघून घेतला. निघताना मी विचारलं, "काकू, तुमचं नाव काय?" इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं, मग थोडं थांबून माहेरचंही सांगितलं. ती दोन्ही नावं आता माझ्या वहीत आहेत, पुढे कंसात सागवाडा.

मैत्रिणींनो, या चातुर्मासात घरातले जुने फोटो काढा. महाराजांचा असेल तर मागे पेन्सिलने नाव, गाव, गुरू आणि साल लिहा. आजीचा, सासूबाईंचा असेल तर दोन्ही नावं लिहा आणि माहेरही लिहा. मी सुरुवात केली आहे. आमच्या वंशावळीच्या कागदावर 'सौ. विमल' एवढंच होतं. आता तिथे लिहिलंय, विमल, माहेर कुरुंदवाड. आणि त्याच्याखाली, सुनीता, पूर्वीची विमल, माहेर तासगाव.

भाषणातल्या चुकीबद्दल त्या दिवशीच्या सर्व श्रोत्या भगिनींचीही क्षमा मागते. जय जिनेंद्र.