सम्राट जगन्नाथ : जयपूरच्या वेधशाळेतील मराठी विद्वान

जयपूरच्या जंतरमंतरात निरभ्र दिवशी सम्राट यंत्रापाशी काही क्षण उभे राहिले, तर काळ पुढे सरकताना डोळ्यांना दिसतो. सत्तावीस अंशांच्या उताराची ती प्रचंड तिरकी भिंत ध्रुवाकडे रोख धरून उभी आहे. तिच्या दोन्ही अंगांना सुमारे पंधरा मीटर त्रिज्येचे दोन पाव वर्तुळाकार कंस आहेत. भिंतीची सावली या कंसांवरून सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर या वेगाने चालते. प्रवासी थक्क होतो आणि सवाई जयसिंह महाराजांचे नाव आदराने घेतो. ते योग्यच आहे. मात्र या यंत्रांमागील गणित ज्यांनी संस्कृतात मांडले, त्यांच्या रचनेचे व उपयोगाचे शास्त्र ज्यांनी ग्रंथबद्ध केले, त्या जगन्नाथ पंडितांचे नाव मराठी घरांतूनही फारसे उच्चारले जात नाही. जगन्नाथ पंडित महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. ‘सम्राट’ ही त्यांची उपाधी.

अठराव्या शतकातील भारतात भौतिकशास्त्र या नावाचे वेगळे शास्त्र नव्हते. तथापि राशी मोजणे, मोजमापातील चूक ओळखणे आणि ग्रंथातील आकडा प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहणे हा जर भौतिकशास्त्राचा पाया मानला, तर आपल्याकडे तो घालणाऱ्यांत जगन्नाथ पंडितांची गणना करावी लागेल.

जयसिंहांचा महाराष्ट्राशी संबंध बालपणीच आला. त्यांचा जन्म १६८८ सालचा. आमेरच्या गादीवर आल्यानंतर लवकरच औरंगजेबाच्या आज्ञेने त्यांना दक्षिणेच्या मोहिमेवर जावे लागले. १७०२ मध्ये खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, मोगलांनी घेतला, त्या वेढ्यात हा तेरा वर्षांचा राजा होता. दक्षिणेतील मोहिमेतच जयसिंहांना जगन्नाथ भेटले व त्यांची बुद्धिमत्ता पाहून राजाने त्यांना आपल्यासोबत नेले, असे परंपरा सांगते. पुढे मराठे आणि जयपूर यांचे संबंध कधी स्नेहाचे, कधी संघर्षाचे राहिले. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस गेल्या असता जयसिंहांनी जयपुरात त्यांचा सन्मान केला. राजकारणाची ही ये-जा इतिहासाला ठाऊक आहे. त्याच वाटेने गेलेल्या विद्येची दखल मात्र त्या मानाने कमी घेतली गेली.

जयसिंहांना ज्योतिषाची विलक्षण ओढ होती. जुन्या सारण्यांवरून वर्तवलेली ग्रहांची स्थाने आणि आकाशात दिसणारी स्थाने जुळत नाहीत, हे त्यांना खटकत होते. हा फरक नाहीसा करायचा तर अरबी-फारसी परंपरेत साठलेले ग्रीक व इस्लामी ज्योतिष मुळातून वाचणे आवश्यक होते. जगन्नाथ पंडितांनी त्यासाठी अरबी व फारसी या भाषा आत्मसात केल्या. वेदशास्त्रसंपन्न पंडिताने परक्या लिपीची बाराखडी गिरवायला बसावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

या अध्ययनाचे पहिले मोठे फळ म्हणजे ‘रेखागणित’ हा ग्रंथ. तेराव्या शतकातील विद्वान नसीरुद्दीन तुसी याने युक्लिडच्या भूमितीचा जो अरबी पाठ सिद्ध केला, त्यावरून १७२० च्या आसपासच्या वर्षांत जगन्नाथांनी ही संस्कृत रचना केली. तिचे अध्याय पंधरा व सिद्धांत ४७८. भारतीय गणिताची परंपरा थोर होतीच. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ तर पाठशाळांतून मुखोद्गत असे. परंतु व्याख्या व गृहीतके आधी सांगावीत, आणि नंतरचे प्रत्येक विधान केवळ मागच्या विधानांच्या आधारे सिद्ध करीत जावे, अशी युक्लिडची सलग साखळी संस्कृतात आलेली नव्हती. ती आणताना भाषाही घडवावी लागली. अरबीत सिद्धांताला किंवा आकृतीला ‘शक्ल’ म्हणतात. जगन्नाथांनी त्यासाठी ‘शकल’ हा ध्वनीने जवळचा संस्कृत शब्द योजला. आकृतीतील बिंदूंना त्यांनी क, ख, ग अशी नावे दिली नाहीत. अरबी वर्णक्रमास अनुसरून अ, ब, ज, द अशी दिली. संस्कृत वाक्यात बसलेली ही अक्षरे त्या ज्ञानाच्या प्रवासाची खूण आहेत.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. ‘रेखागणिता’च्या आरंभी युक्लिडचे नाव नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, ते काळाच्या ओघात लुप्त झाले आणि जयसिंहांच्या आज्ञेने जगन्नाथाने पुन्हा प्रकाशात आणले, असे तेथे म्हटले आहे. आजच्या वाचकाला हे खटकेल. परक्या विद्येला पंडितसभेत प्रवेश मिळावा म्हणून तिला दिलेला हा परिचित वेष असावा. पुढे टॉलेमीच्या ग्रंथावर आधारलेला ‘सम्राट्‌सिद्धान्त’ १७३२ च्या सुमारास सिद्ध झाला, तेव्हा मात्र मूळ अरबी ग्रंथाचे ‘मिजास्ती’ हे नाव जगन्नाथांनी उघडपणे सांगितले. त्या दहा-बारा वर्षांत त्यांच्या लेखणीला पुष्कळ निर्भयता आलेली दिसते.

‘सम्राट्‌सिद्धान्त’ हे केवळ भाषांतर नव्हे. त्यात जयसिंहांच्या वेधशाळांतील यंत्रांचे वर्णन आहे आणि प्रत्यक्ष वेधांतून मिळालेले आकडेही आहेत. अशा वेधशाळा जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा या पाच ठिकाणी उभारल्या. प्रथम पितळेची यंत्रे करून पाहिली गेली. ती लहान असल्याने त्यांवर सूक्ष्म विभाग पाडता येत नसत. आस झिजत, मध्यबिंदू ढळत आणि वेध चुकत. म्हणून चुना-दगडाची, न हलणारी, अवाढव्य यंत्रे बांधण्याचे ठरले. जंतरमंतरचा भव्यपणा राजवैभवाच्या हौसेतून आलेला नाही. तो मोजमापातील चूक कमी करण्याच्या निकडीतून आलेला आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे षष्ठांश यंत्र. जयपूरच्या सम्राट यंत्राला लागून असलेल्या बांधकामात अंधाऱ्या खोल्या आहेत. त्यांच्या छतातील बारीक छिद्रातून माध्यान्ही सूर्याचे किरण आत येतात आणि साठ अंशांच्या कंसावर सूर्याचे बिंब उमटते. कंसाची त्रिज्या सुमारे ८.६ मीटर असल्याने हे बिंब आठ सेंटिमीटर व्यासाचे पडते आणि एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, अडीच मिलिमीटर जागा व्यापते. सम्राट यंत्राच्या सावलीची कड उपच्छायेमुळे पुसट होते, हा त्या यंत्राचा दोष आहे. अंधाऱ्या खोलीत सूर्याचे रेखीव बिंबच हाती लागते. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूचिछिद्र कॅमेऱ्याचे तत्त्व ते हेच.

या प्रकारच्या यंत्राने १७२९ च्या सुमारास दिल्लीत परमक्रांतीचा वेध घेतला गेला. सूर्य विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस जास्तीत जास्त जितके अंश सरकतो, त्याला परमक्रांती म्हणतात. आजच्या भाषेत हा पृथ्वीच्या आसाचा कल. ऋतू, दिनमान आणि ग्रहणांचे गणित यांच्या मुळाशी तो आहे. मोजण्याची रीत सोपी आहे. दिवस सर्वांत मोठा असतो त्या माध्यान्ही आणि सर्वांत लहान असतो त्या माध्यान्ही सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश ढळला आहे ते पाहावे. दोहोंतील अंतराची निमपट म्हणजे परमक्रांती. जगन्नाथांनी दिलेला आकडा आहे २३ अंश २८ कला.

आर्यभटांपासून भास्कराचार्यांपर्यंत आपल्या सिद्धांतग्रंथांत हे मान पूर्ण २४ अंश धरले जात होते. टॉलेमीने सुमारे २३ अंश ५१ कला मानले होते. पंधराव्या शतकात समरकंदच्या उलुगबेगाने २३ अंश ३० कला हे मान मिळवले. ही राशी स्वतःच शतकाला सुमारे ४७ विकलांनी कमी होत जाते. आधुनिक गणिताने मागे जाऊन पाहिले तर १७२९ मध्ये ती २३ अंश साडेअठ्ठावीस कलांच्या जवळपास असली पाहिजे. जगन्नाथांच्या आकड्यातील चूक फार तर अर्ध्या कलेची ठरते. जुन्या मानात आणि या वेधात फरक आहे ३२ कलांचा. आकाशात सूर्यबिंब जेवढे रुंद दिसते, तेवढा हा फरक आहे. पूज्य ग्रंथांत शतकानुशतके लिहिलेला आकडा एका बाजूला, आणि अंधाऱ्या खोलीतील प्रकाशाचा ठिपका दुसऱ्या बाजूला. जगन्नाथांनी ठिपक्यावर विश्वास ठेवला. वेदपरंपरेत वाढलेल्या विद्वानाने हे केले, यातच त्यांच्या कार्याचे मोल आहे.

हीच कसोटी परदेशी ग्रंथांनाही लावली गेली. जयसिंहांनी फादर मॅन्युएल दि फिगरेदो यांच्यासमवेत पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवले होते. ते १७३० च्या सुमारास परतले, तेव्हा ला हिर या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या सारण्या जयपुरास आल्या. त्या वेधाशी ताडल्या असता चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक आढळली, आणि महाराजांच्या नावे निघालेल्या फारसी सारणीग्रंथात ती नि:संकोचपणे नोंदवली गेली. ग्रंथ आपला असो वा परका, अंतिम निवाडा आकाशाचाच, ही या वेधशाळेची शिस्त होती.

तरीही या यशाची मर्यादा लपवण्याचे कारण नाही. ज्या १७२९ साली जगन्नाथांचा आकडा सिद्ध होत होता, त्याच वर्षी इंग्लंडात जेम्स ब्रॅडली याने दुर्बीण बसवलेल्या यंत्राने ताऱ्यांच्या स्थानात सुमारे वीस विकलांचे विचलन शोधल्याचे जाहीर केले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. जयपुरात दुर्बिणी होत्या. गुरूचे चंद्र आणि सूर्यावरील डाग तेथे पाहिले गेले होते. परंतु दुर्बीण मोजमापाच्या यंत्राला जोडली गेली नाही, आणि न्यूटनचे गतिशास्त्र तेथे पोहोचले नाही. साध्या डोळ्यांनी जेवढे मोजता येते, त्याच्या शेवटच्या टोकाशी जयपूरचे विद्वान उभे होते.

१७४३ मध्ये जयसिंह निवर्तले आणि वेधशाळेचे काम ओसरले. यंत्रे उन्हापावसात झिजू लागली. ‘रेखागणित’ हस्तलिखित पोथ्यांतच राहिले. भूमितीची ती संस्कृत मांडणी गावोगावच्या पाठशाळांत पोहोचली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात नव्या शाळांतून मराठी मुले युक्लिड शिकू लागली, ती इंग्रजी पुस्तकांच्या आधारे. आपल्याच परंपरेतील एका विद्वानाने तो शतकभरापूर्वी संस्कृतात आणला होता, हे त्या मुलांना कोणी सांगितले नाही. मराठीत ज्योतिषाचा विस्तृत इतिहास सिद्ध होण्यासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथाची वाट पाहावी लागली.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एक सुंदर योग जुळून आला. १९०१-०२ मध्ये ‘रेखागणित’ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत प्रथमच छापले गेले. त्याच सुमारास जयपुरात जंतरमंतरचा जीर्णोद्धार झाला. गॅरेट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेल्या त्या कामात जुने ग्रंथ लावून देण्यास अठरा-एकोणीस वर्षांचा एक तरुण साहाय्य करीत होता. तो म्हणजे ‘उसने कहा था’ या कथेमुळे पुढे हिंदी साहित्यात अमर झालेले चंद्रधर शर्मा गुलेरी. ग्रंथ आणि यंत्रे, दोन्ही पुन्हा उभी राहिली, पण मध्ये पावणेदोनशे वर्षे गेली होती. २०१० मध्ये युनेस्कोने जयपूरच्या या वेधशाळेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जगन्नाथांची बुद्धी कमी पडली नव्हती. कमी पडली ती त्यांच्यामागे उभी राहणारी विद्यार्थ्यांची रांग. राजाश्रय एका पिढीचा असतो. शाळा पिढ्यांमागून पिढ्या चालते आणि कालचे ज्ञान उद्याच्या हाती देते. जगन्नाथांचा वेध आजही कोणत्याही शाळेच्या अंगणात घेता येतो. जयपुरात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवली, तर २१ जूनच्या माध्यान्ही तिची सावली सुमारे ६ सेंटिमीटर आणि २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सुमारे १२१ सेंटिमीटर पडते. या दोन मापांवरून पृथ्वीच्या आसाचा आजचा कल, २३ अंश २६ कला, दहावीतील विद्यार्थ्याला त्रिकोणमितीने जवळपास काढता येईल. सावली मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर जूनच्या कोनात तीन कलांहून अधिक फरक पडेल. त्या वेळी जयपूरच्या भिंती इतक्या उंच का बांधल्या, याचे उत्तर त्याला पुस्तकाविना मिळेल.