हवापालट, सिक्रेटिन आणि सलाईन

आमच्या तळेगाव दाभाड्याला एके काळी लोक हवापालटाला यायचे. क्षयावर तेव्हा इलाज काय, तर मोकळी हवा, सकस खाणं आणि सक्तीची विश्रांती. काही जण बरे व्हायचेही. पण हवेने, की आपोआप? ब्रिटनमध्ये १९४८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. १०७ क्षयरोगी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. ५२ जणांना नुसती विश्रांती, ५५ जणांना विश्रांती अधिक स्ट्रेप्टोमायसिन. सहा महिन्यांत पहिल्या गटातले १४ गेले, दुसऱ्यातले ४. विषय संपला!

हे आठवलं ते एका मित्रामुळे. चाकणला नोकरी, मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे. आधी गहू बंद, मग दूध बंद, मग महागड्या गोळ्या. आता स्टेम सेल. त्यासाठी प्लॉट विकायला काढलाय.

त्याला लगेच वेड्यात काढू नका. या सगळ्याची सुरुवात एका शहाण्या बापाने केली. बर्नार्ड रिमलँड, अमेरिकन नौदलातला मानसशास्त्रज्ञ, मुलगा ऑटिस्टिक. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, असं तेव्हाचे भलेभले तज्ज्ञ सांगायचे (त्या आयांनी काय भोगलं असेल!). रिमलँडने १९६४ च्या पुस्तकात दाखवलं की कारण जैविक आहे. म्हणजे बाप बरोबर, तज्ज्ञ चूक. गोची इथेच झाली. एकदा तज्ज्ञ तोंडावर आपटले की पुढच्या वेळी त्यांचं कोण ऐकतो? रिमलँडच्याच संस्थेने १९९५ पासून 'डिफीट ऑटिझम नाऊ' चळवळ चालवली. पथ्यं, जीवनसत्त्वं, शरीरातला पारा काढणारी औषधं, सगळं त्यात आलं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात असं 'पारा काढताना' पाच वर्षांचा एक मुलगा दगावला.

सिक्रेटिनची गोष्ट तर भारीच. हे पचनाशी संबंधित संप्रेरक. १९९८ मध्ये बातमी आली की पोटाच्या तपासणीसाठी ते दिल्यावर ऑटिस्टिक मुलं बोलू लागली. झुंबड उडाली. १९९९ मध्ये ५६ मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना सिक्रेटिनचा एक डोस, निम्म्यांना नुसतं सलाईन. सुधारणा दोन्हीकडे सारखीच! लहान मूल वाढतंच हो, आणि आपण त्याच्याकडे डोळे लावून बसलेलो असतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड बदलून बग गेला की लगेच खूश होतो, जुना कोड परत टाकून बघत नाही, तसंच. पण खरा धक्का पुढे आहे. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे.

आपल्याकडे आयसीएमआरने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताचे काही विकार सोडून बाकी आजारांवरची स्टेम सेल ही संशोधनाची बाब ठरवली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही ऑटिझमसाठी ती देऊ नये असं सांगितलं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी ही हळूहळू चालणारी कामं. त्यांची बातमी होत नाही.

मित्राला दोन्ही कागद पाठवलेत. त्याने वाचले, 'ओके' लिहिलं. प्लॉट बघायला गिऱ्हाईक रविवारी येणार आहे.