राबाची गोष्ट : रान आणि खाचर



उन्हाळ्याच्या अखेरीस टिटवाळ्याहून खडवलीच्या अंगाला निघालात, तर जिथे अजून इमारती आल्या नाहीत तिथे खाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. ते आपले भाजलेले राब. आपले आजे-पणजे हेच करीत आले. पण याच राबापायी एकदा सरकारला आयोग नेमावा लागला होता, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

कल्याण ते वासिंद आगगाडी १८५५ साली सुरू झाली. ठाणे जिल्ह्याचे लाकूड आणि कोळसा मुंबईला आधीपासून जातच होता; मागणी वाढत गेली. १८७८ साली जंगलचा कायदा झाला, राखीव जंगले आखली गेली आणि शेतकऱ्याच्या कोयत्यावर बंधन आले. मग राबाला ऐन-किंजळाची टहाळ आणायची कुठून? तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. राब हा त्यातला मोठा वादाचा विषय होता.

शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. टहाळ, शेण, पालापाचोळा आणि वर माती असे थर देऊन भाजले की तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते. रोप उपटताना मूळ तुटत नाही. आपल्याकडच्या धो-धो पावसात याची किंमत मोठी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शेतकरीदादांना राब बंद करायला सांगितले. त्याऐवजी काय करायचे ते नीट सांगितले नाही. त्यांचे रोप तणात बुडाले. दादा एवढेच म्हणाले, "साहेब, आमचे वडील काय वेडे होते?" तेव्हापासून मी आधी विचारतो, मग सांगतो.

पण दुसरी बाजूही पाहा. दरवर्षी छाटलेले झाड वाढत नाही. राबाची ठिणगी रानात गेली की वणवा लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा दिसला. हे घुबड १९९७ पर्यंत नामशेष झाले असे जग समजत होते. ते झाडाच्या ढोलीत घरटे करते. जुने झाड गेले की त्याचे घर गेले, आणि रान उघडे पडले की आपलीही माती वाहून जाते.

तेव्हा मधली वाट अशी धरा :

१. रोपासाठी गादीवाफे करा. भातगिरणीतल्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो वाफ्यात मिसळा. तिच्यातल्या सिलिकाने रोप ताठ होते.

२. पावसाच्या सुरुवातीला बांधावर गिरिपुष्पाची छाट कलमे लावा. हिरवळीचा पाला घरचाच मिळेल.

३. तणाची पहिली खुरपणी चुकवू नका. राब सोडला तर ही मेहनत अटळ आहे.

४. भाजायचेच असेल तर वारा पडलेला असताना भाजा. भोवतालचे गवत आधी काढा आणि विस्तव विझेपर्यंत जागा सोडू नका.

यंदा निम्म्या रोपालाच करून बघा. दोन्ही रोपे शेजारी ठेवा आणि लावणीच्या वेळी स्वतःच पारखा.